वायसर कडक नको, भाऊ!

दुकानात येणारं बहुतेक गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन येतं. "ताई, मागचा वायसर पार घासून गेला. या टायमाले कडक द्या." मी विचारते, चाकाचा आस कसा आहे? "आस एकदम टकाटक." मग भाऊ, वायसर चांगलाच होता की! स्वतः झिजून त्यानं तुमचा आस वाचवला आणि तुम्ही त्यालाच शिव्या घालता?

हे ऐकून काही जण हसतात. काही जण "बाईले काय समजते" असा चेहरा करून शेजारच्या दुकानात जातात. तिथं त्यांना कडक वायसर मिळतोही. त्याचं पुढं काय होतं ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट. बंडीवाले (बंडी म्हणजे आपली बैलगाडी), ट्रॉलीवाले, ई-रिक्षावाले यांच्यासाठी तर आहेच, पण बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. वायसरबद्दल मराठीत कोण लिहितं?

आमचं दुकान नागपूरच्या इतवारीत, लोहा ओळीपासून हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, वाढवलेलं. पुढं काउंटर आणि मागं लांबट खोली. खोलीत 50 टनांची एक प्रेस, 30 टनांची दुसरी, हातानं फिरवायची एक जुनी फ्लायप्रेस, डायांचं, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांचं, कपाट आणि कोपऱ्यात माल घोळणारा, धडधडणारा बॅरल. लग्न होऊन आले तेव्हा बी.कॉम. झालेली सून म्हणून मला हिशेबाच्या वह्यांवर बसवलं होतं. वह्यांवरून गल्ल्यावर आणि गल्ल्यावरून डायांवर अशी माझी बढती होत गेली. नट-बोल्टाखाली घालायचे साधे वायसर आम्ही करत नाही. ते लुधियानाहून पोत्यांनी येतात, त्या भावात आमची चहाचीसुद्धा सोय होणार नाही. आम्ही फक्त आसाचे वायसर करतो. बंडीचे, ठेल्याचे, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे, ई-रिक्षाचे आणि लग्नसराईत वरातीच्या बग्गीचे. एका मापाचे पाच हजार कुणी मागत नाही, पण पंचवीस मापांचे पंचवीस-पंचवीस रोज कुणीतरी मागतं.

आता मुद्द्याचं. बंडीचं चाक उतरवून कधी पाहिलंय? चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यात बिडाचा बुश ठोकलेला असतो आणि तो लोखंडी आसावर फिरतो. आसाला आतल्या बाजूला एक खांदा काढलेला असतो, त्याला आम्ही कॉलर म्हणतो. बाहेरच्या टोकाला भोक आणि त्यात खीळ. चाक या दोघांच्या मधे अडकलेलं. कॉलर आणि बुश यांच्यामधे एक वायसर, बुश आणि खीळ यांच्यामधे दुसरा.

बंडीत कापसाचे बोद असोत की संत्र्यांची खोकी, वजन पेलतो बुश. वायसरवर ते वजन येत नाही. त्याच्यावर येतो आडवा दाब. बैल चालतो तो डुलत चालतो. प्रत्येक पावलाला जू इकडून तिकडं सरकतं आणि मागं चाकं एकदा कॉलरवर, एकदा खिळीवर आदळतात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरताना, नाल्यात, वळणावर हा दाब आणखी वाढतो. त्यात आपल्याकडची काळी माती. तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, वाळून भुकटी झाली की ती वंगणात मिसळते आणि समोर जे असेल ते घासत सुटते. मग कुणीतरी झिजणार हे ठरलेलंच. झिजायचं कुणी, एवढंच आपल्या हातात असतं.

कुही तालुक्यातले एक काकाजी मागच्या उन्हाळ्यात अख्खा आस ऑटोत आडवा घालून घेऊन आले. निम्मा आस बाहेर, त्याच्या टोकाला लाल फडकं. सोबत दोन वायसर. गावच्या लोहारानं ट्रकच्या पाट्याचं पोलाद तापवून, भोक पाडून, पाण्यात विझवून दिलेले. काम देखणं होतं, नाव ठेवायला जागा नाही. मी म्हटलं,

"काकाजी, वायसर तर नवाच दिसतो."

"हाव ना! किती वर्षं झाले, घासलाच नाई तो. म्हनूनच तं तसाच पाह्यजे मले."

"अन् कॉलर?"

काकाजींनी कॉलरवरून अंगठा फिरवला. वायसर जिथं टेकत होता तिथं खोल चर गेला होता, बाहेरच्या कडेला नख अडकेल असा काठ उभा राहिला होता. मी कपाटातून कानस काढली. वायसरवर फिरवली तर ती नुसती घसरली, रेघसुद्धा उमटली नाही. तीच कानस कॉलरवर फिरवली तर पहिल्याच हाताला चकचकीत पट्टा आणि खाली लोखंडाचा भुसा. काकाजी दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मंग आसच कच्चा देल्ला असन मले."

आता काय बोलणार! आस कच्चा नव्हता, आस साधा होता. साध्या लोखंडाच्या कॉलरला विझवलेलं पोलाद चिकटून फिरायला लागलं तर वर्षानुवर्षं ते कॉलरच खाणार. त्या आसाची कॉलर वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवून घ्यावी लागली. त्या मजुरीत त्यांना जन्मभर पुरतील इतके मऊ वायसर आले असते.

म्हणून आमच्याकडचा हिशेब असा: ज्याची किंमत जास्त आणि जे बदलायला कठीण, ते कडक; जे स्वस्त आणि खीळ उपसली की हातात येतं, ते मऊ. बंडीच्या आसाला साध्या मऊ पत्र्याचा वायसर बरोबर. समोर बिडाचा बुश असतो आणि बिडात ग्रॅफाइट असतं, त्यामुळं लोखंड त्याच्यावर बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं फिरतं. पण दोन्हीकडं सारखंच मऊ लोखंड आणि मधे वंगण नाही अशी जोडी जमली, तर दोघंही एकमेकांना ओरबाडतात, चिकटतात. तिथं पितळ किंवा फॉस्फर ब्राँझ घालावं. ते महाग पडतं म्हणून लोक नाक मुरडतात, पण ट्रॉलीचा आस त्याहून महाग असतो. बरं, मऊ म्हणजे किती मऊ यालाही मर्यादा आहे. कुणी ॲल्युमिनियमचा वायसर कापून घालतं, तो दाबानं पसरतो आणि पुरीसारखा कडेनं फुगून बाहेर येतो.

बनवायचं कसं, हे अनेक जण विचारतात. त्यांना वाटतं पत्रा घातला, पायडल दाबलं, वायसर पडला. पडतोही. पण त्याआधी कागदावर जो हिशेब करावा लागतो तो मला जास्त आवडतो, बी.कॉम.चा गुण असेल.

समजा, वायसर बाहेरून 70 मिलिमीटर, भोक 40 चं, जाडी 5. पत्रा कापायला लागणारा जोर म्हणजे कापायच्या कडेची लांबी गुणिले जाडी गुणिले पत्र्याची ताकद. साध्या पत्र्याला आम्ही चौरस मिलिमीटरला 35 किलो धरतो. बाहेरच्या गोलाला साडेअडतीस टन लागतात, भोकाला 22. दोन्ही एकाच ठोक्यात कापायचे तर 60 टनांच्या वर जातं आणि आमची मोठी प्रेस 50 ची. म्हणून डायमधला एक पंच (वरून दाबून पत्रा कापतो तो ठोकळा) दुसऱ्यापेक्षा पत्र्याच्या जाडीइतका आखूड ठेवायचा. दोघं एकाच क्षणी पत्र्याला भिडत नाहीत, एकाचं कापून झालं की दुसरा लागतो. तीच प्रेस, तोच ठोका, पण एका वेळी साडेअडतीसच टन. ही युक्ती मामाजींनी मला गणित न मांडता सांगितली होती. "दोघांना एकदम दारातून जाऊ देऊ नको," एवढंच.

दुसरा हिशेब वजनाचा, आणि तो रडवणारा. 70 चा गोल कापायला 76 मिलिमीटर रुंद पट्टी लागते आणि दर गोलाला 73 मिलिमीटर पट्टी पुढं सरकते. तेवढ्या तुकड्याचं वजन 218 ग्रॅम. त्यातून निघालेला वायसर 102 ग्रॅमचा. म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रा भंगार! मधून जी 40 ची चकती पडते ती 49 ग्रॅमची असते. तिच्यात भोक पाडलं की 16 मिलिमीटरच्या बोल्टाचा जाड वायसर होतो (बोल्टाचा म्हणून निघतो तो एवढाच), तो ठेलेवाले घेऊन जातात. उरलेली 67 ग्रॅमची जाळी मात्र भंगारातच. "एवढ्याशा चकतीचे एवढे पैसे?" असं विचारणाऱ्याला मी सरळ ती जाळी उचलून दाखवते. पैसे त्या भोकांचेही असतात, भाऊ.

वायसर हातात आला की मी पहिल्यांदा त्याची कड बघते. चांगल्या कापलेल्या कडेवर दोन पट्टे दिसतात: साधारण एक तृतीयांश भाग आरशासारखा चकचकीत आणि उरलेला खरखरीत, राखाडी. चकचकीत भाग पंचानं कापलेला, खरखरीत भाग पत्रा स्वतःहून फाटलेला. पंच आणि डाय यांच्यात सगळीकडून जाडीच्या सहा-आठ टक्के फट असली की असे पट्टे पडतात. फट कमी असेल तर चकचकीत पट्टा दोनदा दिसतो, मधे खरखरीत आणि पुन्हा चमक. तेव्हा समजावं की प्रेस विनाकारण कुथतेय. फट जास्त असेल किंवा पंचाची धार गेली असेल तर कडेला बर, म्हणजे पत्र्याची बारीक धारदार कोर, उभी राहते, हात कापेल अशी.

ही बर कुठल्या बाजूला आहे, हे आसाच्या वायसरमधे फार महत्त्वाचं. आमच्या डायमधे आधी भोक पडतं, मग पट्टी पुढं सरकते आणि त्याच भोकात पायलट, म्हणजे मध्य धरणारी खुंटी, शिरून बाहेरचा गोल मध्यावर कापला जातो. त्यामुळं भोकाची बर एका तोंडाला आणि बाहेरची बर दुसऱ्या तोंडाला येते. भोक आणि गोल एकदम कापणारी कंपाउंड डाय असेल तर दोन्ही बरा एकाच तोंडाला येतात. गाडीवाल्याला डाय कुठली याच्याशी देणंघेणं नाही, पण त्यानं वायसर बसवण्याआधी दोन्ही तोंडांवरून बोट फिरवावं आणि गुळगुळीत तोंड फिरणाऱ्या बुशकडं ठेवावं. आम्ही सगळा माल बॅरलमधे लकडगंजच्या आरामशिनीच्या भुशात घोळून देतो, बर बरीच जाते. पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही.

प्रेसबद्दल एक गोष्ट न सांगता पुढं जाववत नाही. जुन्या पिन क्लचच्या प्रेसचं पायडल एकदा दाबलं की ठोका पूर्ण होतोच. मधे थांबवायची सोयच नसते. पट्टी अडकली म्हणून बोट घातलं आणि सवयीनं पाय पडला, की संपलं. या ओळीतली कितीतरी बोटं अशीच गेली आहेत आणि त्यांचे मालक अजूनही दुसऱ्या हातानं चहा घेत "नशीब" म्हणतात. नशीब कसलं! आमच्याकडं दोन्ही प्रेसना दोन बटणं आहेत, दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. माल काढायला लोहचुंबकाची काठी. कामाचा वेग थोडा कमी होतो हे खरं आहे आणि भावात तो दिसतोही. कमी करून मागू नका.

आता माझा लाडका विषय, कातडी वायसर. हे अजून लागतात म्हटलं तर नव्या पोरांना पटत नाही. मामाजींचे वडील तर फक्त हेच करायचे. तेव्हा नागपुरात टांगे होते, दमण्या (बैलांच्या हलक्या गाड्या) होत्या, कामठीच्या छावणीत बग्ग्या होत्या. विलायती बग्गीच्या आसाची रचना मोठी सुरेख. टोकाला दोन नट, एकाचा आटा उजवा आणि दुसऱ्याचा डावा, म्हणजे चाकाच्या फिरण्यानं एक सैल व्हायला बघेल तर दुसरा त्याला अडवेल. त्यावर पितळी टोपण आणि टोपणात तेल. आणि मागं, कॉलरला टेकून, कातड्याचा वायसर. तो तेल आत धरून ठेवतो, धूळ-पाणी बाहेर ठेवतो आणि चाक कॉलरवर आदळल्याचा खट्ट आवाज गिळतो.

आज ते मागायला येतात वरातीच्या बग्गीवाले. त्यांच्या बग्गीखाली बहुतेक जुन्या गाडीचाच आस असतो, वरून चांदीचा कागद आणि पाचशे दिवे. पण घोडा चालायला लागला की आवाज येतो आणि नेमकं बँडवाले दम खायला थांबले की सगळ्या वरातीला तो ऐकू जातो. एक बग्गीवाले भाऊ पर्सच्या कारखान्यातून उरलेलं कातडं घेऊन आले होते, "यातून काढा, फुकटचं आहे." मी कड कापून दाखवली. आतून निळसर-राखाडी. म्हणजे क्रोमनं कमावलेलं, मऊ आणि ताणलं जाणारं. आसावर ते दाबून पसरतं आणि माप सोडतं. वायसरला बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं कातडं लागतं. त्याची कड आरपार तपकिरी दिसते. शंका असेल तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाकायचा: सालीचं कातडं लगेच आखडून वाकडं होतं, क्रोमचं तसंच राहतं. भाऊंना वाटलं जे आखडलं ते वाईट. उलट आहे, म्हटलं, तुमचा आस काही उकळत नाही.

कातडं पाठीचं घ्यायचं, पोटाचं नाही, पोटाकडचं ढिलं असतं. लहान माप असेल तर सरळ पंच ठोकायचा, खाली बाभळीचा ओंडका उभ्या धाग्यांवर ठेवून, म्हणजे पंचाची धार टिकते. मोठ्या मापाला दोन पात्यांचा कंपास. आणि इथं लोखंडाच्या बरोबर उलटा क्रम: आधी बाहेरचा गोल, मग आतला. कारण कंपासाची टोकदार सुई मध्यात रोवलेली असते, आधी भोक कापलं तर सुई टेकवायची कशावर? मामाजींच्या हातात अजूनही हे काम माझ्यापेक्षा सुबक होतं. डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात आणि पातं रेघेवरून तसूभर हलत नाही.

कापून झाले की वायसर एरंडेलात रात्रभर. तेल कोमट, बोट बुडवून ठेवता येईल इतपतच. जास्त तापवलं तर त्या उकळत्या पाण्यातल्या तुकड्याची गत. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढं गेला की, न भिजवलेला कातडी वायसर सुकून तडकतो. म्हणून सीझन संपल्यावर बग्गी शेडमधे लावताना चाकं काढून वायसरांना पुन्हा तेल पाजा. हे कुणी करत नाही आणि नोव्हेंबरात धावत येतात.

टायरच्या बंडीची गोष्ट वेगळी. तिथं बुश नाही, बेअरिंग असतं, खिळीच्या जागी नट आणि त्याखाली जिभेचा वायसर. आसाच्या आट्यात एक खाच असते, वायसरची जीभ त्या खाचेत बसते. त्यामुळं चाक फिरलं तरी वायसर फिरत नाही आणि वायसर फिरत नाही म्हणून नटालाही फिरायला निमित्त मिळत नाही. जीभ तुटलेला वायसर "चालते ना" म्हणून परत घालणारे लोक मी पाहिलेत. काही दिवस चालतो खरा. मग एका बाजूचा नट हळूहळू आवळत जातो आणि बेअरिंग जळतं, किंवा दुसऱ्या बाजूचा सैल होतो आणि चाक बंडीच्या आधी घरी पोचतं. नट आवळताना चाक हातानं फिरवत राहा, जड वाटायला लागलं की नट पिनेच्या जवळच्या खाचेपर्यंत मागं घ्या आणि स्प्लिट पिन घाला. पिन नवी. तिथं खिळा वाकवून घालू नका, हात जोडते.

सगळेच आवाज घालवायला येतात असंही नाही. भिवापूरकडच्या एका आजोबांनी मला उलटं काम सांगितलं होतं. त्यांना खिळीच्या आत दोन-तीन सैल, पातळ, कडक वायसर हवे होते, एकमेकांवर आपटतील असे. "बंडी घरी येऊन राह्यली हे बुढीले आंधीच समजलं पाह्यजे. चहा ठेवते ते." हे माझ्या सगळ्या शिकवणीच्या विरुद्ध होतं. तरी करून दिले. फक्त बुशकडच्या अंगाला एक मऊ वायसर घातला, म्हणजे वाजणाऱ्यांनी आपसात वाजावं आणि झीज त्यानं सोसावी.

धंद्याचे दिवसही सांगते. पेरणीआधी बंड्या, ट्रॉल्या. मग पोळा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तो दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला असं नागपुरात सांगतात. पोरांच्या लाकडी बैलांना चाकं असतात आणि सुतार आमच्याकडून बारक्या वायसरांची किलोनं खरेदी करतात. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक घाला आणि आसावर थोडं मेण किंवा साबण चोळा. तेल नको, पोराचे नवे कपडे खराब होतात.

थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. 2014 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले तेव्हा हलक्या छकड्यांचे वायसर मागणारं कुणी उरलं नाही आणि त्या मापाची डाय कपाटात मागं गेली. 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानंही शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिली, आणि डाय पुन्हा पुढं आली. पटवाल्यांना वायसर हलका हवा, चाक भिंगरीवाणी फिरलं पाहिजे म्हणून नायलॉनचा मागतात. एका थंडीपुरता ठीक आहे. वर्षभर ठेवू नका, नायलॉन पावसाळ्यात पाणी पितं, फुगतं आणि चाक जड करतं. ई-रिक्षावाल्यांनाही तेच सांगते. समोरच्या चाकाला नायलॉन घालून जुलैत "मोटर दम धरत नाई" म्हणून येतात. मोटर ठीक असते.

वायसर घ्यायला येताना जुना वायसर जरूर आणा, पण माप त्याच्यावरून देऊ नका. त्याचं भोक घासून लंबगोल झालेलं असतं. भोकाचं माप आसावरून घ्या, तेही कॉलरला लागून, कारण आस पुढं निमुळता असतो. बाहेरचं माप बुशच्या तोंडापेक्षा मोठं नको. जाडीसाठी चाक आत दाबून कॉलरला टेकवा आणि बाहेर खिळीपर्यंत किती फट उरते ते मोजा. लाकडी बंडीला त्यातली दोनेक मिलिमीटर मोकळी सोडा, नाही तर वंगणाला आत जायला वाट राहत नाही. व्हर्निअर नसेल तर दोरा गुंडाळून गाठ मारून आणा, मी मोजून घेईन. फोटो पाठवून "असाच पाह्यजे" म्हणू नका, फोटोत सगळे वायसर सारखेच दिसतात. आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात शक्यतो नकोच, तेव्हा प्रेस सुतारांच्या मालाला लावलेली असते आणि मोठ्या मापाला हात घालता येत नाही.